मेंदूच्या आजारांचा भुर्दंड कोण भरतं?

मेंदूच्या आजारांपायी युरोपाला वर्षाला किती खर्च येतो, याचा हिशेब युरोपियन ब्रेन कौन्सिल या मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या संघटनेच्या पुढाकाराने दोनदा मांडला गेला. २००४ सालासाठी आकडा निघाला ३८६ अब्ज युरो. २०१० सालासाठी निघाला ७९८ अब्ज युरो, म्हणजे ७९,८०० कोटी. सहा वर्षांत दुपटीहून जास्त. एवढ्या थोड्या काळात तिथल्या लोकांच्या मेंदूंना असं झालं तरी काय?

काहीच झालं नव्हतं. पहिल्या वेळी २८ देश आणि आजारांचे १२ गट मोजले होते, दुसऱ्या वेळी ३० देश आणि १९ गट. झोपेचे विकार, बौद्धिक अक्षमता, लहान मुलांमधले विकार, व्यक्तिमत्त्वाचे विकार हे पहिल्या हिशेबात धरलेच नव्हते. शिवाय दुसऱ्या वेळी माहितीही जास्त चांगली मिळाली. आजार आधीही होते, माणसं आधीही सोसत होती. वहीत नोंद तेवढी नव्हती.

म्हणून असा आकडा कानावर पडला की त्यात काय काय धरलंय, हे आधी बघावं. ते बघायला घेतलं की लगेच लक्षात येतं, मेंदूच्या आजारांचा बहुतेक भुर्दंड अशा ठिकाणी पडतो जिथे पावती फाटत नाही. तो घरातल्या माणसांच्या तासांत पडतो, कारखान्यातल्या आणि ऑफिसातल्या न झालेल्या कामात पडतो, अर्धवट सुटलेल्या शिक्षणात पडतो. सरकारचं आरोग्य खातं स्वतःच्या जमाखर्चाकडे बघून ‘आमचा खर्च आटोक्यात आहे’ म्हणतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतं. भरणारे वेगळेच असतात, एवढंच.

‘मेंदूचे आजार’ म्हणताना इथे दोन्ही दालनं धरली आहेत. एकीकडे पक्षाघात, अपस्मार (फिट येण्याचा आजार), अर्धशिशी, कंपवात, स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्यांच्यासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जावं लागतं ते. दुसरीकडे नैराश्य, चिंता विकार, स्किझोफ्रेनिया, व्यसनं, म्हणजे ज्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतो ते. दवाखान्यात यांचे विभाग वेगळे असले तरी अवयव एकच आहे, आणि घरावर-देशावर पडणारा भारही बराचसा एकाच प्रकारचा आहे.

आता हा हिशेब मांडतात कसा, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, ट्रक चालवणाऱ्या एका ५० वर्षांच्या माणसाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. रुग्णवाहिका, सीटी स्कॅन, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अतिदक्षता विभाग, पुढे कित्येक महिने फिजिओथेरपी आणि आयुष्यभर रक्तदाबाच्या गोळ्या. हा झाला थेट वैद्यकीय खर्च. तो दिसतो, त्याची बिलं असतात, विमा कंपनी त्यावर घासाघीस करते.

तो घरी आला की दुसरा कप्पा उघडतो. न्हाणीघरात धरायला दांडे लावावे लागतात. चाकाची खुर्ची लागते. दर फेरीला गाडी करावी लागते. दिवसभर एक माणूस सोबत ठेवावा लागतो. आजारामुळेच झालेला, पण औषधोपचाराचा नसलेला हा खर्च. घरच्यांनी विनामोबदला केलेली सेवा काही अभ्यासक या कप्प्यात टाकतात, काही पुढच्या.

तिसरा कप्पा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मुका. हा माणूस पुन्हा स्टिअरिंगवर बसणार नाही. निवृत्तीपर्यंत त्याने जी दहा-एक वर्षं काम केलं असतं, ते काम आता होणार नाही. बायको कुठे नोकरी करत असेल तर ती अर्धवेळ करेल किंवा सोडेल. मुलगी पुढचं शिक्षण लांबणीवर टाकेल. याला अप्रत्यक्ष खर्च म्हणतात. दवाखान्याची फाइल महिन्या-दोन महिन्यांत बंद होते; हा कप्पा वर्षानुवर्षं उघडा राहतो.

युरोपच्या २०१० सालच्या ७९८ अब्जांत पहिल्या कप्प्याचा वाटा ३७ टक्के होता, दुसऱ्याचा २३ आणि तिसऱ्याचा ४०. डॉक्टर, औषधं, खाटा, तपासण्या या सगळ्यांचा मिळून दोन पंचमांशही नाही. लक्षात घ्या, युरोपातल्या बऱ्याच देशांत सरकारी आरोग्यसेवा भक्कम आहे, तरी हे प्रमाण. जिथे उपचारच मिळत नाहीत तिथे पहिला कप्पा आणखी लहान होतो, आणि कागदावर तो देश ‘स्वस्तात सुटलेला’ दिसतो. प्रत्यक्षात उपचार न झालेला आजार बाकीचे दोन कप्पे फुगवत असतो.

त्याच अभ्यासातले आजारवार आकडेही बघण्यासारखे आहेत. सगळ्यात वर नैराश्यासारखे मनःस्थितीचे विकार, सुमारे ११३ अब्ज युरो. मग स्मृतिभ्रंश, १०५ अब्ज. मग स्किझोफ्रेनियासारखे विकार, ९४ अब्ज. आणि ज्या आजाराचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो, त्या मेंदूतल्या गाठींचा खर्च जेमतेम ५ अब्ज. डोकेदुखीचा त्याच्या आठपट, ४३ अब्जांवर.

हे कसं? डोकेदुखीच्या एका रुग्णामागे वर्षाला सरासरी २८५ युरो धरले होते, तर स्नायू आणि नसांच्या काही दुर्मिळ आजारांत एका रुग्णामागे ३०,००० युरोंच्या आसपास. पण डोकेदुखीचे रुग्ण कोट्यवधी. दर माणशी लहान वाटणारी रक्कम एवढ्या माणसांनी गुणली की डोंगर उभा राहतो. आपलं लक्ष साहजिकच भयंकर आणि क्वचित होणाऱ्या आजारांकडे जातं. देशाचा पैसा मात्र साध्या, सार्वत्रिक, ‘गोळी घे आणि झोप’ म्हणून सोडून दिलेल्या आजारांतून गळत असतो. एका घरासाठी कोणता आजार जड आणि अख्ख्या देशासाठी कोणता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात.

मग हे इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात का आलं नाही? कारण देशाचं आरोग्य मोजायची जुनी रीत होती मृत्यू मोजायची. कोणत्या आजाराने किती माणसं दगावली, त्यावर प्राधान्य ठरायचं. या रीतीत नैराश्य जवळपास दिसतच नाही. अर्धशिशीने कुणी मरत नाही. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण पुढे हृदयविकाराने गेला तर नोंद हृदयविकाराची होते.

ही रीत बदलली ती क्रिस्टोफर मरे आणि ॲलन लोपेझ या आरोग्याची आकडेवारी मांडणाऱ्या अभ्यासकांच्या कामामुळे. त्यांनी ‘डॅली’ नावाचं एक माप वापरलं. जागतिक बँकेच्या १९९३ सालच्या जागतिक विकास अहवालात ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पुढे आलं. कल्पना सोपी आहे. अकाली मृत्यूमुळे आयुष्याची किती वर्षं गेली, ती मोजायची. त्यात आजारासोबत काढलेली वर्षं मिळवायची, पण ती पूर्ण न धरता आजार माणसाला जितका जखडून ठेवतो तितक्या प्रमाणात धरायची. दोन्हींची बेरीज म्हणजे हातून गेलेली निरोगी वर्षं. या मापाने १९९० सालचं जग मोजलं, तेव्हा नैराश्य जगभरातल्या भाराच्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर आलं. मृत्यूंच्या यादीत त्याचा मागमूसही नव्हता.

याच पद्धतीने २०२१ सालचा हिशेब झाला आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मज्जासंस्थेशी संबंधित काही ना काही त्रास असलेली माणसं जगात ३४० कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ४३ टक्के. आणि त्यापायी गेलेली निरोगी वर्षं ४४.३ कोटी. आजारपण आणि अपंगत्व यांचं जगातलं पहिल्या क्रमांकाचं कारण आता मज्जासंस्थेचे विकार आहेत. आणि या मोजणीत नैराश्यासारखे मानसिक आजार धरलेले नाहीत, ते वेगळे.

यात वयाचा भाग फार मोठा आहे. कर्करोग, हृदयविकार हे बहुतेक उतारवयाकडे गाठतात; माणसाची कमाईची बरीच वर्षं तोवर होऊन गेलेली असतात. मनाचे आजार उलट्या टोकाने येतात. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवर आधारलेला रॉनल्ड केसलर या संशोधकाचा २००५ सालचा निष्कर्ष असा की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात आणि तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत. म्हणजे घाला पडतो तो नेमका शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, घर उभं करणं या वर्षांवर. विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर समाजाच्या हातून चाळीस वर्षांचं काम जातं. त्या मुलाला मिळू शकणाऱ्या आयुष्याबद्दल तर बोलायलाच नको.

नोकरीच्या ठिकाणी होणारं नुकसान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रजेचा अर्ज येतो. खरं नुकसान हजेरी लागलेल्या माणसाच्या टेबलावर होत असतं. अर्धशिशीचा झटका सुरू झालेला कर्मचारी कसा दिसतो बघा. तो जागेवर बसलेला असतो. पडद्याचा उजेड कमी केलेला असतो, एका डोळ्यावर तळहात. एकच ओळ चार वेळा वाचतो. आकडे भरताना रांग चुकते, ती दुपारी कुणाच्या तरी लक्षात येते आणि काम पुन्हा करावं लागतं. मळमळत असल्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तो अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसतो. संध्याकाळी रजिस्टरवर नोंद: हजर, आठ तास. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचा दिवस तर याहून कमी दिसतो, कारण त्याला दुखतंय हे चेहऱ्यावरही उमटत नाही. आणि तो सांगतही नाही, कारण ‘डिप्रेशन आहे’ म्हटलं की बढतीच्या वेळी नाव मागे पडेल ही भीती अगदीच निराधार नसते.

हे मोजणं अवघड आहे, पण झालंय. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली आलेल्या अमेरिकी अभ्यासात नैराश्य असलेल्या कामगारांचे आठवड्याला सरासरी ५.६ तास वाया जात होते; नैराश्य नसलेल्यांचे १.५ तास. वाया गेलेल्या वेळाच्या खर्चापैकी ८१ टक्के भाग गैरहजेरीतून आलाच नव्हता, तो कामावर असताना काम उतरल्यामुळे होता. रजा मोजणारी कंपनी म्हणजे पाचातला एक भाग मोजते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की नैराश्य आणि चिंता या दोन विकारांपायी जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात आणि अर्थव्यवस्थेचं सुमारे १ लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं.

आता घरातल्या सेवेकडे येऊ, कारण मला वाटतं या सगळ्या हिशेबात सर्वांत मोठा अन्याय इथे आहे. स्मृतिभ्रंशाचा जगाला २०१९ साली पडलेला खर्च १ लाख ३० हजार कोटी डॉलर होता, आणि त्यातला जवळपास निम्मा कुणी कुणाला दिलेलाच नव्हता. ती घरच्या माणसांच्या कष्टांची, पैशात मांडलेली किंमत आहे. ही माणसं रोज सरासरी पाच तास रुग्णाची काळजी घेण्यात आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्यात घालवतात. सेवेच्या एकूण तासांपैकी ७० टक्के तास बायकांचे असतात.

पाच तास म्हणजे काय? सकाळी आईला उठवायचं. ती ओळखत नाही, घाबरते. आधी तिची समजूत काढायची. आंघोळीला ती नको म्हणते, त्यात पाऊण तास जातो. कपडे घालताना बटणं कशी लावायची ते हात विसरलेले असतात. घास भरवताना ठसका लागणार नाही याकडे डोळा ठेवायचा. दुपारी ती ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी उभी राहते, आणि घर हेच आहे हे तिला पटत नाही. रात्री दोनदा उठून बघायचं, दाराची कडी काढली तर नाही ना. यातलं कुठलंच काम अर्थव्यवस्थेच्या खात्यात नोंदवलं जात नाही.

राष्ट्रीय उत्पन्न मोजायची रीत तर इथे पार तोंडघशी पडते. मुलीने नोकरी सोडून आईला सांभाळलं, तर तिच्या पगाराएवढं उत्पन्न देशाच्या खात्यातून वजा होतं आणि तिच्या सेवेची बाजू शून्य राहते. तिने नोकरी ठेवून पगारी परिचारिका ठेवली, तर देशाचं उत्पन्न वाढतं. सेवा दोन्हीकडे तीच. जीडीपी वाढतोय की घटतोय यावरून एखादा देश मेंदूच्या आजारांचं किती ओझं वाहतोय हे कळायचा काही मार्ग नाही, तो याचमुळे.

या तासांची किंमत धरायचे दोन मार्ग आहेत. हेच काम पगारी माणसाने केलं असतं तर किती दिले असते, हा एक. ती मुलगी त्या वेळात बाहेर किती कमावू शकली असती, हा दुसरा. पहिल्या मार्गाने सगळ्यांच्या सेवेचा भाव सारखा निघतो. दुसऱ्याने इंजिनीअर मुलीच्या सेवेचा तास महाग ठरतो आणि कधीच नोकरी न केलेल्या बायकोचा फुकट. पद्धत अर्थशास्त्राच्या दृष्टीने नियमात बसते. तरी ज्या बाईने अख्खं आयुष्य घरच्यांसाठी राबण्यात घातलं, तिच्या म्हातारपणीच्या कष्टांना शून्य लावणारा हिशेब मला मान्य नाही, आणि असा अहवाल समोर आला की मी आधी हे पान उघडतो.

असाच वाद बुडालेल्या कामाच्या किमतीबद्दलही आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ डोरोथी राइस यांनी १९६६ साली आजारांच्या खर्चाची जी चौकट घालून दिली, तिचा पाया असा: माणूस निरोगी असता तर निवृत्तीपर्यंत जे कमावलं असतं ते सगळं नुकसान धरायचं. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, आजारी माणसाच्या जागी कंपनी काही महिन्यांत दुसरा माणूस घेते. समाजाचं नुकसान होतं ते तेवढ्याच मधल्या काळाचं आणि नवा माणूस शिकवून तयार करण्याचं. या रीतीने तोच आजार कित्येक पटींनी स्वस्त दिसतो. बेरोजगारी भरपूर असलेल्या समाजात दुसऱ्या पद्धतीत तथ्य आहे, खास कौशल्याची माणसं मिळत नसतील तिथे पहिलीत. पण दोन्हींत एक खोट समान आहे: पगारावरून माणसाची किंमत ठरवली की म्हातारे, घर सांभाळणारे, अपंग आणि बेरोजगार यांचे आजार आपोआप ‘स्वस्त’ होतात.

बारीक अडचणी आणखी आहेत. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येतं. मग त्यांची रजा कोणत्या आजाराच्या खात्यावर टाकायची? दोन्हींवर टाकली तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. सरकारने दिलेलं अपंगत्वाचं निवृत्तिवेतन तिजोरीला खर्च असतं, पण समाजाच्या दृष्टीने तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा असतो, म्हणून जाणकार अभ्यासक तो एकूण खर्चात धरत नाहीत. आणि वेदना, भीती, तुटलेली नाती यांना तर किंमतच लावता येत नाही, म्हणून ती बहुतेक हिशेबांत येतच नाहीत.

एवढं सगळं मोजून उपयोग काय? एकूण ओझ्याचा आकडा म्हणजे वाचू शकणारा पैसा, असं मात्र नाही. यातला किती भाग खरोखर टाळता येतो, हे वेगळं पाहावं लागतं. सुदैवाने ते बऱ्यापैकी माहीत आहे. ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासानुसार पक्षाघाताच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका दहा बदलता येण्याजोग्या गोष्टींशी जोडलेला आहे, आणि त्यात उच्च रक्तदाब सगळ्यांत वर. झटका आलाच, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांची मुदत असते. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. इथे वाचलेला एक तास पुढच्या दहा वर्षांची सेवा वाचवू शकतो. स्मृतिभ्रंशाबद्दल ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली म्हटलं की १४ कारणांवर आयुष्यभर काम केलं तर ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा त्यांचा आजार लांबू शकतो. त्या यादीत कमी ऐकू येणं आहे, कमी शिक्षण आहे, प्रदूषित हवा आहे. नैराश्य आणि चिंतेच्या उपचारांवर घातलेल्या एका डॉलरमागे सुधारलेली तब्येत आणि वाढलेलं काम मिळून चार डॉलर परत येतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या नेतृत्वाखाली ३६ देशांसाठी केलेल्या २०१६ सालच्या अभ्यासात निघालं.

आणि मेंदू वाचवायचे काही सर्वांत मोठे निर्णय तर एकट्या आरोग्य खात्याच्या हातातले नसतातच. स्वित्झर्लंडने १९२२ साली मिठात आयोडिन घालायला सुरुवात केली. गरोदरपणी आणि बालपणी आयोडिन कमी पडल्याने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते इतक्या साध्या गोष्टीने टळतं. पेट्रोलमध्ये १९२० च्या दशकापासून शिसं घातलं जात होतं, आणि ते लहान मुलांच्या बुद्धीवर घाला घालत होतं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली थांबलं. मोटारसायकलवर हेल्मेट घातल्याने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. मीठ उद्योग खात्याकडे, पेट्रोल इंधन खात्याकडे, हेल्मेट वाहतूक पोलिसांकडे.

गुंता नेमका इथेच आहे. खर्च एका खात्याने करायचा आणि बचत दुसऱ्याच खात्यात व्हायची. किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक नेमायचे पैसे आरोग्य किंवा शिक्षण खात्याने द्यायचे. फायदा दहा वर्षांनी कर खात्याला, तुरुंगांना, कंपन्यांना. व्यसनमुक्ती केंद्राचा खर्च आरोग्य खात्याचा, कमी झालेल्या चोऱ्यांचा फायदा पोलिसांचा. घरातल्या बायकांचा वाचलेला वेळ तर कुठल्याच खात्यात जमा होत नाही. अशा वेळी प्रत्येक सचिव आपल्या कागदापुरतं शहाणपण करतो, आणि त्या सगळ्या शहाणपणाची बेरीज देशाला महागात पडते. जगभरातली सरकारं आपल्या आरोग्य अंदाजपत्रकातले सरासरी जेमतेम २ टक्के मानसिक आरोग्यावर खर्च करतात, ते यामुळेही.

ही कोंडी एकदा तरी फुटली, इंग्लंडमध्ये. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी दाखवून दिलं की ब्रिटनमध्ये मानसिक आजारापायी अपंगत्वाचा भत्ता घेणारे लोक दहा लाखांवर आहेत, बेकारभत्ता घेणाऱ्यांपेक्षाही जास्त. आणि बोलण्याच्या शास्त्रशुद्ध उपचारांनी त्यांतले पुरेसे लोक कामावर परतले तर भत्त्यांतली बचत आणि वाढलेला कर यांतून उपचारांचा खर्च भरून निघेल. लेयर्ड यांनी ही मांडणी आरोग्य खात्याबरोबर अर्थखात्याच्याही गळी उतरवली. २००८ पासून हजारो थेरपिस्ट प्रशिक्षित करून हा कार्यक्रम देशभर सुरू झाला, आणि प्रत्येक रुग्णाची सुधारणा सत्रागणिक नोंदवली जाऊ लागली. उपचारांचा कोर्स पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक बरे होतात, असं त्या नोंदी सांगतात. बचत अपेक्षेएवढी झाली का, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. भांडता येतं, कारण नोंदी ठेवल्या गेल्या.

याच्या अगदी उलट टोकाला अपस्मार आहे, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जगात अपस्माराचे सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत, त्यातले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. नीट निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. औषध किती महाग? वर्षाला ५ डॉलरपासून. किती नवं? फिनोबार्बिटल फिटवर वापरलं जातंय १९१२ पासून. तरीही अत्यंत गरीब देशांतल्या चारांपैकी तीन रुग्णांना उपचार मिळत नाहीत. मग मुलगा शाळेत फिट येऊन पडतो, शाळा सुटते. तरुण मुलगी चुलीपाशी असताना फिट येते, भाजते. लग्न मोडतं, काम मिळत नाही, कुणीतरी सतत सोबत लागतं. पाच डॉलर न घातल्याचा भुर्दंड तिसऱ्या कप्प्यात असा साठत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने मे २०२२ मध्ये अपस्मार आणि इतर मज्जाविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. २०२१ साली अपस्माराच्या जितक्या रुग्णांपर्यंत सेवा पोहोचत होती, त्यात २०३१ पर्यंत ५० टक्के वाढ करायची, असं त्यातलं एक उद्दिष्ट आहे. त्यासाठी नवं संशोधन लागणार नाही, मोठं इस्पितळ लागणार नाही. गावपातळीच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि नर्सला फिट ओळखता यायला हवी, औषधाचा साठा मध्येच संपता कामा नये, आणि गोळी अचानक बंद करायची नाही हे रुग्णाच्या घरी कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.